अण्णांचा रोजचा गड

– वहिनी, गॅस बारीक करा नि इकडे या. गेल्या मंगळवारी कोपऱ्यावरच्या अण्णांकडे मध्यरात्री एवढे दिवे का लागले होते, ते कळलं.

– का हो? मला वाटलं पाहुणे आले असतील.

– कसले पाहुणे! मोरीत घसरून खाली बसले. लागलं काही नाही, पण उठताच येईना. सून एकटी घरात, शेवटी वॉचमनला हाक मारली.

– अगंबाई! पण ते तर रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जातात ना? ग्रुपवर फोटो असतो. खाली अख्खा सातारा, वर ‘शुभ प्रभात’. आमचे हे रोज मला त्यांचा दाखला देतात.

– अहो, गाडी जाते की पार दरवाजापर्यंत! मुलगा सोडतो. फोटो काढायचा, घटकाभर बसायचं, येताना पोवई नाक्यावर वडापाव. सुनेनंच सांगितलं. माझं नाव घेऊ नका.

– मी कशाला घेतेय! ह्यांना तेवढं सांगते.

– सांगा खुशाल. आता फिजिओथेरपीवाली मुलगी येते त्यांच्याकडे. मीही जाऊन बसले होते, वाटी परत द्यायच्या निमित्तानं. ती म्हणाली, चालणं उत्तमच, बी.पी.ला, साखरेला, मनाला. आठवड्याला १५० मिनिटं तरी जरा झपाझप चालावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलंय. पण पासष्टीनंतर तेवढ्यानं भागत नाही. आठवड्यातून निदान ३ दिवस ताकदीचे नि तोल सांभाळायचे व्यायामही हवेत. वयानं मांड्यांचं मांस झडतं. मग तोल गेला की सावरता येत नाही नि खाली बसलं की उठता येत नाही.

– म्हणजे आता जिममध्ये जायचं? ह्या वयात?

– जिम कशाला? भाजी शिजेपर्यंत ओटा धरून एका पायावर उभं राहायचं. मग दुसऱ्या. टाचा उचलायच्या. खुर्चीतून हात न टेकता उठायचं नि बसताना धपकन न पडता हळू बसायचं.

– हे तर आपलं आपोआप व्हायचं हो पूर्वी. विळीवर भाजी चिरायला खाली, पंगतीला खाली, निवडणं-टिपणं खाली. आता ओटा, टेबल, कमोड. वाकायला कारणच उरलं नाही. आणि आमचा मुलगा! ‘आई, तू बस.’ तांब्या उचलला तरी धावत येतो.

– प्रेमानं करतात आणि पांगळं करून ठेवतात. ती बारामतीची लता करे आठवते? साठी उलटलेली, नऊवारीत नि अनवाणी मॅरेथॉन धावली, जिंकलीसुद्धा. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवे होते म्हणून. पुढे तिच्यावर सिनेमा निघाला, त्यात ती स्वतःच होती. तिला कोण म्हणालं असेल, तू बस? जन्मभर मजुरी केलेले पाय होते ते.

– पण अशी वेळ कुणावर येऊ नये बाई.

– नकोच. कौतुक करताना आपण ते विसरतो. पण पायांचं मात्र खरं. बरं, तुम्हाला उठता येतं का हात न लावता?

– गुडघे कुरकुरतात.

– मग आधी डॉक्टरांना विचारा नि उंच खुर्ची घ्या. भाऊजींनाही बसवा शेजारी, नुसता दाखला देऊन चालणार नाही. खुर्ची भिंतीला टेकवायची, चाकांची नको. हात छातीशी घ्यायचे नि अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ते मोजायचं. ६५ ते ६९ च्या बाईला ११ तरी जमले पाहिजेत, पुरुषाला १२. अण्णांना झाले ४.