आठच्या आकड्यास अनावृत पत्र

माननीय आठचा आकडा,
मुक्काम आरटीओचे मैदान, जिल्हा कोणताही,
यांस स. न. वि. वि.

पत्रास कारण की, रस्त्यावरच्या अपघातांचे सारे श्रेय आजवर खड्डे, पाऊस, दारू आणि ‘समोरचा’ यांनीच लाटले. ज्यांच्या अंगाखांद्यावरून चालकांच्या पिढ्या पुढे गेल्या, त्या आपले नाव मात्र कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. ही उपेक्षा दूर व्हावी, एवढाच हेतू.

आपला थाट साधा. जमिनीवर आखलेली दोन वेटोळी, जवळ साहेब, झाडाखाली एजंट. उमेदवार पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर, श्वास रोखून एक चक्कर मारतो. पाय टेकला तर पुढची तारीख, नाही टेकला तर पक्के लायसन्स. त्यानंतर त्याला जन्मात पुन्हा आठ काढावा लागत नाही (खड्डे चुकवताना लागतो, पण ते अभ्यासक्रमाबाहेरचे). तिशीच्या आत काढलेला परवाना थेट चाळिशीपर्यंत चालतो. मधल्या काळात कुणी विचारतही नाही की बाबा रे, गाडीला आरसा कशासाठी असतो?

कायद्याने मात्र काही बाकी ठेवलेले नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला पंधरावा नियम काढून पाहावा. निघण्यापूर्वी आरसे नीट लावणे, वळताना इशारा देणे, सुरक्षितपणे ओव्हरटेक करणे, दुसऱ्याला ओव्हरटेक करू देणे, झेब्रा क्रॉसिंगपाशी नीट वागणे, प्रसंगी एकदम थांबणे, हे सारे उमेदवाराला करून दाखवता आले पाहिजे. दुसऱ्याला पुढे जाऊ देणे हीसुद्धा परीक्षेतली बाब आहे, हे वाचून एक्सप्रेसवेच्या उजव्या लेनमधून रमतगमत जाणाऱ्यांना धक्काच बसेल. एवढी यादी मैदानात मावत नाही, म्हणून सगळ्यांच्या वतीने आपण एकटे उभे राहता. लर्निंगच्या परीक्षेचीही तीच उदारता. ६० टक्क्यांना पास. म्हणजे दहातली चार उत्तरे चुकली तरी मुलगा रस्त्यावर यायला मोकळा. ती चार सिग्नलचीच होती का, हे विचारण्याची पद्धत नाही.

आपल्या यशात ड्रायव्हिंग स्कूलचाही वाटा आहे. तिथे गाडीला डबल कंट्रोल असतो. ब्रेक आणि क्लच सरांच्या पायाशीही असल्याने गाडी नेमकी कुणी थांबवली हे विद्यार्थ्याला शेवटपर्यंत कळत नाही. सकाळी सातला रिकाम्या रस्त्यावर थोड्या फेऱ्या झाल्या की सर जाहीर करतात, ‘हात बसला.’ बसतो तो हातच. पुढच्या ट्रकपासून किती अंतर ठेवायचे, समोरून गाडी येत असताना अपर-डिपर कसे वापरायचे, हे हाताला ठाऊक नसते. मग घाटातल्या धुक्यात चारही इंडिकेटर चालू ठेवून मंडळी निश्चिंत मनाने पळतात आणि मागच्याला ती वळणार की थांबणार हे कळत नाही.

ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर कापते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एवढे अंतर सहज संपते. गाडी थांबायला लागते ते वेगळे. आपल्या वळणावर हा हिशेब कधी पडत नाही, कारण तिथला वेग चालत्या माणसाचा. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर गेली आणि त्यांतले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर जमा झाले. हेल्मेट नसलेले पन्नास हजारांवर होते. पुण्यात मात्र २०१९ च्या जानेवारीत कारवाई सुरू होताच हेल्मेटसक्तीविरुद्ध कृती समिती कंबर कसून उभी राहिली. डोके आपले, तर ते फोडायचे स्वातंत्र्यही आपलेच.

त्याच २०२२ च्या ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागच्या सीटवरही पट्टा हवा हा नियम तेव्हाही पुस्तकात होता. महाराष्ट्राला तो त्या आठवड्यात कळला आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विसरला.

अर्थात, आपल्यालाही न जुमानणारे निघतात. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. ती चालवल्याचा आरोप १७ वर्षांच्या मुलावर आला, आणि बाल न्याय मंडळाने जामीन देताना त्याला रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. गदारोळ झाला आणि मंडळाला तो आदेश बदलावा लागला. पण मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही, ही तरतूद २०१९ पासून कायद्यात आहे. तरी शाळा-क्लासच्या दारात स्कूटरवरून मुलांना पाठवणाऱ्या आईबापांच्या कौतुकात काडीचा फरक पडलेला नाही.

आता एक वाईट बातमी. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना लागू आहे. मोटारीसाठी २९ तासांचा अभ्यासक्रम: ८ तास वर्गात, त्यात अपघातांची कारणे, प्रथमोपचार आणि रस्त्यावरचा संताप, २१ तास प्रत्यक्ष गाडीवर, शहरात, गावात, महामार्गावर, चढावर आणि उतारावर. तिथे उत्तीर्ण होणाऱ्याला आरटीओत चाचणी द्यावी लागत नाही, म्हणजे आपले दर्शनही घ्यावे लागत नाही. तूर्त काळजी नसावी. अशी केंद्रे अजून मोजकीच आहेत.

ज्यांच्या घरी यंदा कुणी अठरा पूर्ण करतो आहे, त्यांनी फी भरण्याआधी ड्रायव्हिंग स्कूलला एवढेच विचारावे: मुलाला हायवेवर नेणार का, रात्री चालवायला देणार का, पावसात शिकवणार का? ‘त्याची काय गरज, आठ काढून घेतो की’ असे उत्तर आले, तर दुसरे स्कूल बघावे.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपले,
पहिल्याच फटक्यात पास झालेले सर्व