सत्तर रुपये वारले, कळविण्यास अत्यंत दुःख होते

"अगं, कपडे नंतर वाळत घाल. ग्रुपवरचा तो फोटो पाहिलास का?"

"अर्धाच पाहिला काकू. तेवढ्यात पोरांची रिक्षा आली."

"मग काहीच नाही पाहिलंस. आपले प्रेसमधून रिटायर झालेले भाऊ आहेत ना, त्यांच्या सत्काराचा फोटो टाकला सेक्रेटरींनी. गळ्यात हार, कपाळाला गंध, शेजारी नारळ. आणि खाली लिहिलं, 'आपल्या कार्याबद्दल आम्ही सर्व कॉलनीवासी आपले कृतघ्न आहोत.'"

"अय्या! कृतज्ञ म्हणायचं असेल."

"म्हणायचं काहीही असेल, लिहिलं ते खरंच आहे. नळाच्या लाइनीसाठी भाऊंनी उन्हातान्हात किती खेटे घातले, कुणी साधा चहा विचारला का त्यांना?"

"तुम्ही लगेच दुरुस्त केलं असेल."

"छे बाई. मागे एकींना 'दुरावस्था' नाही, 'दुरवस्था' म्हणाले, तर हळदीकुंकवाला बोलावलं नाही मला. या वेळी कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या पोरानं काम केलं. स्वतःचा एक शब्द नाही. अशोक सराफचा फोटो, वर 'सत्तर रुपये वारले'. संपलं. सेक्रेटरी स्वतःच हसले आणि मजकूर बदलला."

"'अशी ही बनवाबनवी'! आमच्याकडे तर पोरांना अख्खा पिक्चर पाठ आहे."

"आणि पिक्चर १९८८चा. गोष्टही मुळातली आपली नाही, हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून घेतलेली. पण त्या हिंदीतलं एक वाक्य म्हणून दाखव बरं. नाही ना येत? इथे सबनिसांचे संवाद, सचिनचं दिग्दर्शन, आणि सगळी नटमंडळी रंगात आलेली. इस्राईलच्या औषधापायी घरमालक सरपोतदारांचे सत्तर रुपये जातात, इतकीच भानगड. आता पैसे जातात तेव्हा आपण काय म्हणतो? बुडाले. फार तर गेले. वारतात ती माणसं, तीही मानाची. गुरं दगावतात. 'खपला' म्हणावं तर मालही खपतो आणि माणूसही खपतो, त्याचं त्यालाच ठाऊक कुठला. आणि इथे सत्तर रुपयांना थेट आजोबांच्या पंक्तीला बसवलं! हसू येतं ते म्हणून. ज्याला 'वारणं' कुठं वापरायचं ते पक्कं ठाऊक आहे, त्यालाच हा विनोद लागतो."

"आमचे काका काय म्हणाले मग?"

"ते प्रेसवालेच. म्हणाले, आपली करन्सी नोट प्रेस १९२८ची, इतक्या नोटा छापल्या, सत्तरची एकही नाही. आणि महाराष्ट्रात वारली मात्र तीच!"

"मला तर त्यातलं 'हा माझा बायको पार्वती' जास्त आवडतं. आमच्या जाऊबाई इंग्रजी शाळेतल्या. 'माझा गाडी बंद पडला' लिहिलं की माझे दीर तोच फोटो पाठवतात."

"पुरुषाची बायको करणं तर आपल्या नाशिकच्या मातीतलंच म्हण. फाळके त्र्यंबकचे ना? १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, तर तारामती व्हायला बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवलं. त्या हरिश्चंद्रानं कुणाशी ओळख करून दिली असती तर काय म्हणाला असता? बरं, पुढे १९१७च्या 'लंकादहन'मध्ये रामही साळुंके आणि सीताही साळुंके. तिथे तर व्याकरणानं हातच टेकले असते. नशीब, सिनेमा मुका होता!"

"काकू, पण मीमला मराठीत काय म्हणायचं?"

"ते भगूरला जाऊन विचार. दिग्दर्शक, मध्यंतर हे शब्द सावरकरांनीच दिलेले. आज असते तर यालाही दिला असता एखादा. मला मात्र त्या पोराला सांगायचंय की एक फोटो 'अपरोक्ष'साठी राखून ठेव. जो तो म्हणतो, 'माझ्या अपरोक्ष मीटिंग घेतली.' अरे बाबा, परोक्ष म्हणजे नजरेआड. अपरोक्ष म्हणजे समोर, प्रत्यक्ष. शंकराचार्यांच्या नावावर 'अपरोक्षानुभूती' आहे, ती काय पाठीमागून घेतलेली अनुभूती? म्हणजे तुझ्या समोर मीटिंग घेतली आणि वर तूच तक्रार करतोस."

"पण सगळेच तसं म्हणतात की."

"म्हणतात गं. हा खटला हरलेलाच आहे. तरी फोटो टाकायला काय हरकत?"

"मग माझ्यावरही टाका. परवा मी 'दुकानात तुरीची डाळ भेटली' लिहिलं, तर त्याच पोरानं विचारलं, 'डाळ काय म्हणाली?' वर अशोक सराफचा धनंजय माने. मला नाही आवडलं ते. आमच्या भुसावळकडे साखर भेटते, पाणी भेटतं, पगारसुद्धा भेटतो. आईसुद्धा असंच बोलायची. माझी आई काय चुकीची बोलत होती?"

"नाही गं. तिथे चुकलाच तो. सेक्रेटरींना शब्द माहीत होता, हात घसरला. तुझं तसं नाही, ती तुझ्या माहेरची बोली. आणि या नाशिक रोडला कोण कुठून आलंय बघ ना. कुणी रेल्वेनं आणलं, कुणी प्रेसनं, कुणी देवळालीच्या तोफखान्यानं. सगळ्यांनी एकाच तोंडानं बोलायचं म्हटलं तर जेल रोडला मुक्यानंच फिरावं लागेल. मी सांगते त्याला."

"राहू द्या काकू. त्याला त्याची शिक्षा भेटली."

"म्हणजे?"

"तुम्ही म्हणता ना, मी अर्धंच पाहिलं? तुम्ही पण अर्धंच पाहिलंय. त्यानंतर आपले खजिनदार आले ग्रुपवर. ते मूळचे केरळचे. बिचाऱ्यांना मराठी वाचता येतं, पण 'बनवाबनवी' कुठून माहीत असणार? त्यांनी वर पाहिलं तर भाऊंचा फोटो, गळ्यात हार. खाली 'वारले'. त्यांनी लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'."

"अरे देवा!"

"मग काय, ज्यांनी काहीच वाचलं नव्हतं त्यांनी हात जोडायला सुरुवात केली. हातांवर हात. मागच्या गल्लीतल्या मावशींनी तर 'कधी नेणार' म्हणून विचारलं."

"आणि भाऊ?"

"भाऊ मुक्तिधामला गेले होते दर्शनाला. आल्यावर ग्रुप उघडला, सगळ्यांचे हात जोडलेले पाहिले आणि लिहिलं, 'सर्वांचे मनःपूर्वक आभार. असेच प्रेम राहू द्या.'"