आयकरातली समता मोजा घरच्या घरी (नवशिक्यांसाठी)

साहित्य: वही, कॅल्क्युलेटर आणि सोलापुरातली चार माणसं. माणसं आयकर विवरणपत्रांतून उचलू नका; तिथं विडी कामगार बाई सापडायची नाही. ती कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत, मांडीवर सूप घेऊन, पत्र्याच्या मापावर पान कातरत बसलेली असते. तिचे वर्षाचे 60,000 धरा. अक्कलकोट रोडच्या यंत्रमाग कामगाराचे 1,80,000, बँकेतल्या साहेबांचे 12 लाख, नव्या पेठेतल्या डॉक्टरांचे खर्च वजा जाता 24 लाख. आकडे आपणच धरलेत, तेव्हा वाद घालू नका.

आता जिनी निर्देशांक काढा. कोराडो जिनी या इटालियन संख्याशास्त्रज्ञाने 1912 मध्ये बसवलेलं हे विषमतेचं माप. सगळ्यांना सारखं मिळालं तर 0. सगळं एकाच्याच घशात गेलं तर जवळजवळ 1. आपल्या चौघांचं उत्तर 0.523.

मग कर कापा. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत कर शून्य, म्हणजे साहेबसुद्धा विडीवाल्या बाईच्याच रांगेत. डॉक्टरांचे उपकरासह 3,12,000 गेले. पुन्हा जिनी काढा: 0.503. वजाबाकी 0.02. हा रेनॉल्ड्स-स्मोलेन्स्की निर्देशांक. चारचौघांत नाव घेतलं की वजन पडतं.

बाईचा रकाना मात्र तपासा. आधी 60,000, नंतरही 60,000. विषमता घटली ती वरच्याचं कमी झालं म्हणून. ते 3,12,000 पुढे रेशनला गेले की उड्डाणपुलाला, हे सूत्राला विचारू नये.

सावधान: पाचवा म्हणून माळशिरसचा ऊस बागायतदार घेऊ नका. त्याचेही 24 लाख, पण शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त. करापूर्वी डॉक्टरांच्या मांडीला मांडी लावून बसलेला हा गृहस्थ कर कापल्यावर 3,12,000 नी पुढे. सारख्या उत्पन्नाला सारखा कर, हा धडा इथंच गाळावा. जिल्ह्यात साखर कारखाने फार आहेत.

हौस उरली असेल तर राज्याचा व्यवसाय करही लावून बघा. महिना 15,000 मिळवणाऱ्या माग कामगाराला वर्षाला 2,500. डॉक्टरांना? 2,500. या करानं जिनी खाली येण्याऐवजी चिमूटभर वर चढतो. कॅल्क्युलेटर बिघडलेला नाही.

वही बाईला दाखवायचीच असेल तर तयारीनं जा. 0.02 ऐकून ती एवढंच विचारील, "मग हजार विड्यांमागं किती वाढले?"