शिवजयंतीला मतदान

19 फेब्रुवारी 2022, शनिवार. चेन्नईला सुट्टी आहे म्हटल्यावर पुण्याच्या आत्याचा ऊर भरून आला. “मद्रासेतसुद्धा शिवजयंतीची सुट्टी!” महाराज इथल्या काळिकांबाळच्या देवळात 1677 साली येऊन गेले, असं तिथे सांगतात, त्यामुळे तसं मानायचा मलाही क्षणभर मोह झाला. पण सुट्टी होती महापालिकेच्या मतदानाची.

“मग चारही बटणं नीट दाब. बीप ऐकल्याशिवाय बाहेर येऊ नकोस,” आत्या म्हणाली.

तिचा चार सदस्यांचा प्रभाग. अ, ब, क, ड अशा चार जागा, चार मतं. एक जरी राहिलं तरी यंत्र मुकं बसतं आणि मतदान अधिकारी धावत येतो. चेन्नईत वॉर्ड 200 आणि प्रत्येकाला नगरसेवक एकच. एक बटण, की संपलं. पुण्याच्या माणसाला हे जेवायला बोलावून नुसता चहा पाजल्यासारखं वाटतं.

बटण सोपं, वॉर्ड अवघड. शेजारच्या मामींना अमेरिकेचा अध्यक्ष कोण होऊ नये हे ठाऊक असतं. स्वतःचा वॉर्ड विचारला की त्या विजेचं बिल शोधायला आत जातात. (त्यात तो नसतो.) त्यांचाही दोष नाही म्हणा. 2011 मध्ये शहराची हद्द वाढली, 155 वॉर्डांचे 200 झाले, आणि पुढची निवडणूक यायला दहा वर्षं उलटली. 2016 ची मद्रास उच्च न्यायालयाने रद्द केली. मग पाच वर्षांहून जास्त काळ कारभार अधिकाऱ्यांनी पाहिला. महापालिका देशातली सर्वांत जुनी, 29 सप्टेंबर 1688 ची; तेव्हा गादीवर संभाजी महाराज होते. या वयात थोडी विश्रांती लागतेच. मुंबईकरांनी मात्र हसू नये. त्यांच्या महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मतदान झालं जानेवारी 2026 मध्ये.

केंद्रावर पहिला अधिकारी यादीतलं नाव मोठ्याने वाचतो, म्हणजे पक्षांच्या एजंटांना खूण करता येते. मराठी आडनाव आलं की तो आधी पाणी पितो. तो काहीतरी उच्चारतो, एजंट माना वर करतात, आणि हा बाहेरचा मनुष्य इथे कसा, ही शंका शाई लागेपर्यंत हवेत राहते. पुढे यंत्रावरची चिन्हं: उगवता सूर्य, दोन पानं आणि अपक्षांची सगळी घरगुती भांडी.

“महापौराचं बटण कुठे होतं?” बाहेर आल्यावर मामींनी विचारलं. प्रश्न रास्त होता. 1996 मध्ये स्टॅलिन थेट मतदारांनी निवडलेले महापौर. 2006 मध्ये तो हक्क नगरसेवकांकडे गेला, 2011 मध्ये मतदारांकडे परतला, आणि 2022 च्या निवडणुकीत पुन्हा नगरसेवकांकडे. आपल्याकडे नगराध्यक्षांचीही हीच ये-जा चालते, तेव्हा मला हे फारच ओळखीचं वाटलं. त्या मार्चमध्ये नगरसेवकांनी आर. प्रिया यांना निवडलं. त्या शहराच्या पहिल्या दलित महिला महापौर, तेव्हा वय तिशीच्या आत. हे मात्र मामींना बिल न बघता पाठ आहे.

शहरात मतदान झालं जेमतेम 44 टक्के. उरलेले सगळे, मामींच्या मते, आमच्याच इमारतीत राहतात.