पानवेलीचं बाळंतपण

मिनियापोलिस,
2 फेब्रुवारी

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

फोनवर बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि ऐकू येतं ते पटत नाही, म्हणून हे पत्र. आई, दुपारी ओट्यावर बसून मोठ्यानं वाच. शेजारच्या काकू ऐकतीलच, त्यांना वेगळं लिहीत नाही.

आम्ही सगळे खुशाल आहोत. आजारी आहे ती पानवेल. सप्टेंबरात फ्लोरिडातल्या एका रोपवाटिकेतून टपालानं मागवली, तेव्हा अंगावर अकरा पानं होती. दिवाळीला चौदा झाली, म्हणून हिनं तिची दृष्टसुद्धा काढली. मग घरातला हीटर सुरू झाला आणि पानांच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या झाल्या. मागच्या बाजूला लाल कोळी दिसू लागले. हवा कोरडी पडली की त्यांचं फावतं.

बाबांचा सवाल मला पाठ आहे : "तुह्याकडं गुडघा गुडघा बर्फ पडते ना? मग वेल वाळते काहून?"

बाबा, असं बघा. थंड हवा म्हणजे चहाची कपबशी आणि गरम हवा म्हणजे आपल्या परसातला रांजण. बाहेर उणे 20 अंश असताना एक घनमीटर हवेत वाफ मावते जेमतेम एक ग्रॅम. तीच हवा घरात येऊन 21 अंशांना तापली की तिच्यात अठरा ग्रॅम मावतील एवढी जागा होते. कपभर पाणी रांजणात ओतलं, तर तळ तरी ओला होईल का? आमचे श्वास, अंघोळी आणि कुकरच्या शिट्ट्या धरून घरातलं आर्द्रतेचं मीटर 14 टक्के दाखवायचं. मे महिन्यात भर दुपारी उमरखेडहून ढाणकीला येताना एसटीच्या खिडकीत बसलं की ओठ जसे फुटतात, तसे इथं जानेवारीत फुटतात. फक्त घाम नाही आणि मधल्या थांब्यावर रसवंती नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर कहर झाला. गालिच्यावरून पाय घासत ही कुंकू लावायला गेली आणि पहिल्याच पाहुणीच्या कपाळाला बोट टेकताच चटकन ठिणगी उडाली. त्या बाई "अगं आई गं!" म्हणून मागे सरकल्या. पुढच्या सगळ्याजणी रांगेत डोळे मिटून उभ्या राहिल्या. विड्याची पानं अर्थात इंडियन दुकानातली. घरच्या वेलीकडे कुणी नुसतं बघितलं तरी आमची लेक आडवी उभी राहत होती.

उपाय बरेच झाले. लेकीनं शाळेत जाताना-येताना पानांवर पाणी फवारलं. सहस्रकुंडाच्या कठड्याशी उभं राहिल्यासारखी वेल दोन मिनिटं टवटवीत दिसायची, पाचव्या मिनिटाला मीटर पुन्हा 14 वर. मग यंत्र आणलं. त्याला इथं ह्यूमिडिफायर म्हणतात. आपल्या वाळ्याच्या कूलरचा हा विलायती नातू. आजोबा ताट्या भिजवून वारा सोडतात, नातू पाण्याचं धुकं करून सोडतो. पण नळाच्या पाण्यातले क्षारही त्या धुक्याबरोबर उडतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. चार दिवसांत टीव्हीवर, सोफ्यावर आणि देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णावर पांढरी पूड! हिला वाटलं मीच कणीक सांडली.

क्षार काढलेलं पाणी विकत आणलं. मीटर 45 वर गेलं. वेल खूश, पण घर रडायला लागलं. खिडक्यांच्या काचांवरून पाण्याचे ओघळ, सकाळी त्यांचा बर्फ, चौकटीच्या कोपऱ्यात काळी बुरशी. कूलर लावून खिडकी बंद केली की बाबा ओरडायचे ना, ते काही उगाच नव्हतं. इथं बाहेर एवढी थंडी असेल तर घरातली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर नेऊ नये म्हणतात. वेलीला हवी साठ-सत्तर. म्हणजे घर वाचवायचं की वेल?

तेव्हा तू फोनवर म्हणालीस, "अरे, पानं वल्ल्या फडक्यात ठेवतेत, घर कोणी वल्लं करते का?" आम्ही हसलो. फोन ठेवल्यावर हसू थांबलं. बाबा अंजनगाव सुर्जीला पानमळा बघून आले होते, त्याची गोष्ट आठवली. चपला बाहेर काढायला लावल्या, आत शेवरी-पांगऱ्याची सावली, वारा अडवायला चारी बाजूंनी कूड, आणि भर उन्हाळ्यात तळघरासारखा गारवा. मळेवाला काही सगळ्या तालुक्याची हवा ओली करत नाही.

मग कपडे वाळवायचा स्टँड घेतला, त्याभोवती रंगारी लोक अंथरतात तसलं पारदर्शक प्लास्टिक गुंडाळलं, खाली परातीत गोटे आणि पाणी, वर एक दिवा. कोंदटून बुरशी येऊ नये म्हणून तळहाताएवढा पंखा, आणि रोज अर्धा तास पडदा वर. आत 68 टक्के, खोलीत 22. हुबेहूब बाळंतिणीची खोली! फक्त शेक-शेगडी नाही. लेकीनं बाहेर पाटी लावली आहे : चपला काढा. मी काढतो.

परवा नवं पान उलगडलं, माझ्या नखाएवढं. ते कधी तोडायचं यावर घरात एकमत नाही, बहुधा होणारही नाही.

आई, आता एवढं मात्र मनात वाच. यंत्राचे साठ डॉलर झाले. तुझं फडक्याचं आधी ऐकलं असतं तर वाचले असते. त्याचे रुपये किती होतात ते बाबांना सांगू नकोस.

तुझा,
धाकटा