घरच्या घरी दातेरी चाक

पात्रतेची अट एकच. अर्जदार मेकॅनिकल इंजिनिअर असावा आणि पदवी हाती पडल्यापासून त्याचा लोखंडाशी संबंध सुटलेला असावा. गुरुग्रामात अशी मराठी माणसं हवी तेवढी सापडतात. सांगलीत किंवा कऱ्हाडात शिकलेली, सायबर सिटीतल्या काचेच्या इमारतीत एक्सेलचे रकाने भरणारी आणि रात्री सगळे झोपले की यूट्यूबवर लेथ फिरताना बघत बसणारी. याच गावातून १४ डिसेंबर १९८३ला पहिली मारुती ८०० बाहेर पडली. तेव्हापासून इथे आणि शेजारच्या मानेसरात इतक्या गाड्या जुळल्या आहेत, की ‘गिअर कुठे मिळत नाही’ ही सबब घरी टिकणार नाही. दुसरी शोधावी.

सर्वांत टिकाऊ सबब इंचाची. त्यासाठी न्यू जर्सीहून कायमचा परतलेला एक आतेभाऊ लागतो. त्याने सामानातून एक मिनी लेथ आणलेला असतो आणि वहिनींनी तो घरात ठेवायला नकार दिलेला असतो. लेथ चाळीसेक किलोचा, ११० व्होल्टवर चालणारा (ट्रान्सफॉर्मर वेगळा घ्यावा, थेट लावल्यास हे मार्गदर्शन इथेच संपतं), आणि त्याचा लीडस्क्रू इंचाच्या हिशेबाचा. आपल्याला आटे पाडायचे मिलिमीटरचे. एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७. म्हणून शास्त्रशुद्ध मार्गाने जायचं तर १२७ दातांचं चाक हवं. ते मिनी लेथच्या झाकणाखाली मावता मावत नाही. शिवाय १२७ ही मूळ संख्या असल्याने तिला कुठूनच भाग जात नाही. इथे जुन्या कारागिरांची पळवाट कामाला येते. ४७ला ३७ने भागलं तर १.२७०२७ येतात. फरक दहा हजारांत दोनाचा. आपल्याकडे जमिनीच्या मोजणीत यापेक्षा जास्त खपतो. तर ४७ आणि ३७ दातांची दोन चाकं कापायची, आणि घरी एवढंच म्हणायचं की अमेरिकेहून आलेलं यंत्र वाया चाललंय. ‘वाया चाललंय’ या शब्दांपुढे कोणत्याही मराठी घरात अपील नाही.

जागेचा प्रश्न भारतीय मानक आयएस ८७५च्या दुसऱ्या भागाने सोडवून ठेवला आहे. राहत्या घरातल्या खोलीची जमीन चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून आखतात, बाल्कनी मात्र ३०० धरून. म्हणजे लेथ आणि त्याच्या जोडीचं छोटं मिलिंग मशीन बाल्कनीत ठेवणं हा छंद नसून मानकाचं पालन आहे. सोसायटीच्या समितीला हे पटत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजेसाहेबांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. तिथे निवडुंग होतं, साप होते, पाणी नव्हतं. पण समितीही नव्हती, ही बाब त्यांच्या चरित्रकारांनी पुरेशी ठळक केलेली नाही. आपण दुपारी दोन ते चार यंत्र बंद ठेवावं आणि खालच्या मजल्यावर दिवाळीचा फराळ वेळेआधी पोचवावा.

आता डिझाइन. घाबरू नये, डिझाइन म्हणजे तीन गुणाकार. मॉड्यूल १ घेतलं तर ३७ दातांच्या चाकाचा पिच व्यास ३७ मिलिमीटर. बाहेरचा व्यास काढताना दातांच्या संख्येत दोन मिळवायचे, म्हणजे ३९. खाचेची खोली मॉड्यूलच्या सव्वादोनपट. यातला ३९चा आकडा कुठेतरी लिहून ठेवा. दाताचा आकार इन्व्होल्यूट. गोल रिळावरचा दोरा ताणून धरत उलगडला की त्याचं टोक हवेत जी वक्ररेषा काढतं, ती. अठराव्या शतकात ऑयलरने ती दातांसाठी सुचवली. तिचा मोठेपणा असा, की दोन चाकांमधलं अंतर थोडं चुकलं तरी फिरण्याचं प्रमाण बिघडत नाही. घरी पाडलेली भोकं पाहता ऑयलरला आपली पूर्वकल्पना असावी. २० अंश दाबकोनाच्या चाकात १७ दातांच्या खाली मात्र उतरू नये. समोरच्या दाताचं टोक मग बुंध्यात घुसतं आणि तो पोखरू लागतं.

कटर आठांच्या संचात येतात आणि त्यांचे क्रमांक उलटे चालतात. आठ नंबरचा १२-१३ दातांसाठी, एक नंबरचा १३५पासून थेट सरळ रॅकपर्यंत. आपल्याला तीन नंबर हवा. तो ३५पासून ५४पर्यंत चालतो, म्हणजे एका कटरमध्ये दोन्ही चाकं होतात. हा कटर दिल्लीत जी. बी. रोडला मिळतो, आणि मार्गदर्शनातला सगळ्यात नाजूक टप्पा हाच. रस्त्याचं सरकारी नाव स्वामी श्रद्धानंद मार्ग. तळमजल्यावर पंप, बेअरिंगं, चक, ड्रिल यांची दुकानं खच्चून भरलेली. प्रसिद्धी मात्र वरच्या मजल्यांची. तेव्हा शनिवारी सकाळी निघताना ‘जी. बी. रोडला जाऊन येतो’ असं म्हणू नये. ‘अजमेरी गेट’ म्हणावं, ते खोटंही नाही. पूर्वी हुडा सिटी सेंटर म्हणत त्या मिलेनियम सिटी सेंटरवरून पिवळी मेट्रो धरली की नवी दिल्ली स्टेशनपर्यंत गाडी बदलावी लागत नाही. फोनवरचं लोकेशन बंद करू नका, संशय त्यानेच वाढतो.

दुकानदार ‘एक मॉड्यूल’ म्हणून जे हातात ठेवेल त्याच्या बाजूवर कोरलेलं वाचा. इंची पद्धतीचा २४ डीपीचा कटर मॉड्यूलमध्ये १.०५८ भरतो. डोळ्यांना दोन्ही जुळे. दाबकोनही बघा, साडेचौदा अंशांचा जुना माल अजून फिरतो. परतीच्या वाटेवर एक्स-रेच्या पडद्यावर दातवाली चकती पाहून जवान ‘ये क्या है?’ विचारेल. उत्तर तीन शब्दांत द्यावं. इन्व्होल्यूटपासून सुरुवात केलीत तर मागची रांग तुम्हाला माफ करणार नाही.

आता प्रत्यक्ष कापणं. यात यंत्राचा वाटा थोडा, पाढ्यांचा मोठा. डिव्हायडिंग हेडच्या हँडलचे ४० फेरे म्हणजे चाकाचा एक फेरा. म्हणून ३७ दातांना प्रत्येक दातामागे एक पूर्ण फेरा आणि ३७ भोकांच्या वर्तुळावर तीन भोकं. ४७साठी फेरा पूर्ण होतच नाही, ४७ भोकांच्या वर्तुळावर ४० भोकं. दोन्ही वर्तुळं ब्राउन अँड शार्पच्या तिसऱ्या प्लेटवर आहेत, हा योगायोग पाहून माणूस क्षणभर आस्तिक होतो. हँडल नेहमी एकाच दिशेने फिरवावं. भोक ओलांडून पुढे गेलात तर तेवढंच मागे सरकू नका, वर्मच्या ढिलाईत दात हरवतो. इफ्को चौकाचा कट चुकलेल्या ड्रायव्हरसारखं पुरेसं लांब जाऊन पुन्हा मूळ दिशेनेच यावं.

खोल कट घेण्याआधी ब्लँकवर नुसत्या खुणा करत पूर्ण फेरी मारावी, खुणा मोजाव्यात आणि मगच कटर खाली न्यावा. ही सूचना परंपरेने प्रत्येक मार्गदर्शनात देतात आणि परंपरेनेच कोणी ती पाळत नाही.

म्हणून पुढचं सविस्तर. पिन ज्या भोकात आहे ते भोक मोजायचं नसतं. नवशिका ते मोजतोच. मग तीनऐवजी दोनच भोकं सरकतात. प्रत्येक वेळी हँडल एका भोकाने मागे राहतं, आणि ३७ दातांत मिळून बरोबर एक फेरा कमी पडतो. गंमत अशी, की याने चाक बिघडलेलं दिसत नाही. फेरा संपता संपता आणखी एका दाताला नेमकी जागा उरते, कापणारा उत्साहात तोही कापतो, आणि ३७ऐवजी ३८ दातांचं देखणं चाक तयार होतं. फक्त शेवटचा दात इतरांपेक्षा दहाव्या हिश्शाने बारीक. ते लेथवर चढतं, फिरतं, आवाजही फारसा करत नाही. आटा पाडल्यावर मात्र पंधरा मिलिमीटरांत सुमारे ०.४ मिलिमीटरचा फरक येतो. नट पहिले दोन-तीन आटे खुशीत चढतो आणि मग जो रुततो, तो पान्यालाही दाद देत नाही.

असं चाक टाकू नये. भाद्रपदापर्यंत तेल लावून ठेवावं. गुरुग्रामच्या मराठी गणेशोत्सवात हलत्या देखाव्याला कायम माणसं कमी असतात, आणि विष्णूच्या हातातलं सुदर्शन चक्र मिनिटाला किती फिरावं याबद्दल शास्त्रात बंधन नाही. चाक मोटारीला जोडा, वर सोनेरी कागद लावा, बाजूला विनम्रपणे उभे राहा. आरतीनंतर लेकाकडे राहायला आलेले, भोसरीत तीस वर्षं टूलरूम सांभाळलेले एखादे काका जवळ येतील. सोनेरी कागदाची कड नखाने उचलून ओठांत पुटपुटत दात मोजतील, आणि मग झब्ब्याच्या खिशातून व्हर्निअर काढतील.

“अडतीस दात आहेत, आणि बाहेरून एकोणचाळीस कसं भरतंय हो?”