व्हिसामामा

लग्नात गुरुजी पुकारा करतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मामा भाचीला बोहल्यापर्यंत आणतो आणि पंगतीचं पाहायला मोकळा होतो. नवरदेव टेक्सासात नोकरीला असला तर मात्र मामाचं खरं काम बोहल्यानंतर सुरू होतं. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीच्या फाटकापर्यंत मुलीला तोच नेतो. अशी एक भाची विमानात बसली की दुसऱ्यांच्या भाच्या फायली घेऊन दारात येऊ लागतात, आणि मामाचा व्हिसामामा होतो.

बुलडाणा जिल्ह्यात घाटावरच्यांचं आणि घाटाखालच्यांचं फारसं जमत नाही, पण व्हिसामामा दोन्हीकडे आढळतो. शेगावचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली निघालं. तेव्हापासून इथली पोरं पुण्यामार्गे पुढे पुढे सरकत पार समुद्र ओलांडून गेली आहेत. पोरं आपापल्या हिमतीवर गेली. त्यांच्या मागोमाग बायका पाठवायच्या म्हणजे माणूस लागतो.

आमचे खामगावचे व्हिसामामा तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. स्वतः तिरुपतीच्या पलीकडे गेलेले नाहीत. पासपोर्टही काढलेला नाही. पण ओट्यावर बसून सांगतात, "एच-वन नवऱ्याचा, एच-फोर बायकोचा. कंपनीनं बदलीवर धाडला असन तर एल-टू. शिकाले गेला असन तर एफ-टू." भेटल्यावर "कसे आहात" नाही, "पाऊसपाणी" नाही. पहिला प्रश्न, "जावाईबापूचं सातशे सत्त्याण्णव आलं का?" आय-७९७ म्हणजे जावयाच्या नोकरीचा अर्ज मंजूर झाल्याचा अमेरिकन सरकारचा कागद. तो आला नसेल तर मामी चहा टाकत नाही.

मामांचं सगळ्यात बारीक लक्ष फोटोवर. दोन इंच बाय दोन इंच, मागे पांढरं, आणि २०१६ पासून चष्मा बंद. आता आमच्याकडच्या फोटोवाल्याला नवरीचा फोटो म्हटलं की हात आवरत नाही. तो माउस धरून गाल उजळायला घेतो. मामा त्याच्या खुर्चीमागे उभे. "गोरी करू नोको. आहे तशी राहू दे. अमेरिकेले सावळी चालते." हे वाक्य मामांनी सोयरीक जुळवताना बोलायला हवं होतं असं मला वाटतं, पण तेव्हा ते मुलाकडच्यांना "निमगोरी आहे" असंच सांगत होते.

मग डीएस-१६० नावाचा फॉर्म. तो ऑनलाइन भरायचा, आणि मध्येच कोणी चहा पीत बसलं तर पान आपोआप बंद होतं. म्हणून मामा प्रश्न मोठ्यानं वाचतात, भाचीनं झटपट उत्तर द्यायचं. आई भाजी निवडत बाजूला. "तू कधी दहशतवादी कारवायात भाग घेतला काय?" आईच्या हातातली मेथी खाली पडते. "लेकराले काहीबी काय विचारता, भाऊ?" "म्या नाही, अमेरिका विचारून राह्यली." पुढे मनुष्यतस्करी, पैशांची अफरातफर, सगळं रीतसर होतं. एक प्रश्न मात्र असा येतो की मामा खोकतात, चष्मा पुसतात आणि भाचीला न विचारताच "नाही"वर टिचकी मारतात. २०१९ पासून पाच वर्षांतली सोशल मीडियावरची खातीही लिहावी लागतात. पोरीचं इन्स्टाग्राम आहे, हे कित्येक घरांत बापाला कळलं ते असं.

नावाच्या बाबतीत तर मामांनी क्रांतीच केली. आमच्याकडे ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायची हौस दांडगी. पासपोर्टवर एक नाव, ग्रामसेवकाच्या विवाह नोंदणी दाखल्यावर दुसरं, पत्रिकेत तिसरं. मामा ऐन मांडवात ताट बाजूला सारतात. "आहे तेच नाव राहू द्या." सुधारकांना इतक्या वर्षांत जे जमलं नाही, ते अमेरिकन वकिलातीच्या धाकानं घाटाखाली होऊ लागलं आहे.

फक्त एका कलमावर मामा घाईनं पान उलटतात. एच-फोरवर गेलेल्या बायकोला तिकडे नोकरी करता येत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचं प्रकरण बरंच पुढे गेलेलं असेल तर २०१५ पासून तशी परवानगी मिळू शकते, एरवी नाही. भाची बी.ई. झालेली, पुण्यात कमावती. तिनं विचारलं तर मामा म्हणतात, "पाहू ना तिकडं गेल्यावर." तहसिलीत त्यांनी याच वाक्यावर अख्खी नोकरी काढली.

मुलाखतीला रात्रीच्या गाडीनं मुंबई. बोटांचे ठसे दुसऱ्या केंद्रावर आधी द्यायचे असतात, म्हणून मुक्काम कल्याणच्या चुलतसाडूकडे. फीचे २०५ डॉलर मामा डॉलरमध्येच सांगतात, कारण रुपये मामीच्या कानावर जातात. फाईल उचलायला दोन हात लागतात. हार घालतानाचे फोटो, पंगतीत वरण-बट्टी वाढतानाचे फोटो, चांदीच्या पैंजणांची पावती, सात-बारा आणि आठ-अ. आत फक्त भाचीला सोडतात. मामा रस्त्यापलीकडे तिचा मोबाईल मुठीत धरून उभे. साहेबानं तीनच प्रश्न विचारले : नवरा काय करतो, लग्न कधी झालं, सोबत कोण आलं. "मामा. बाहेर उभे आहेत." व्हिसा मंजूर. भाची हसत बाहेर आली, तर मामांचा चेहरा पडलेला. "सात-बारा पाह्यलाबी नाही?"

गेल्या महिन्यात मात्र नांदुऱ्याचा एक पोरगा आला आणि मामा जरा अडखळले. बायको एच-वनवर डॅलसला, एच-फोर यालाच पाहिजे. तसं यात नवं काही नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली नवऱ्याला मागे ठेवून अमेरिकेला शिकायला गेल्या, नवरा गोपाळराव मागाहून पोचले आणि १८८६ च्या पदवीदानाला हजर होते. तेव्हा व्हिसा लागत नसे, नाहीतर त्या तापट माणसानं डीएस-१६० कसा भरला असता कोण जाणे. मामांनी पुन्हा पुन्हा फॉर्म पाहिला. नवऱ्याला वेगळा रकाना नव्हता. शेवटी त्यांनी नवी फाईल काढली.

"पगाराच्या तीन स्लिपा लागतीन."

"माह्या?"

"तुह्या पगाराले तिकडं कोन विचारते? बायकोच्या."

पोरगा बराच वेळ कपातला चहा हलवत बसला. मग म्हणाला, "मामा, तेवढ्या तुम्हीच मागून घ्या ना. मले पगार सांगत नाही ती."